मदत हवी आहे : गिअरबॉक्समध्ये जीएल-४ ऐवजी जीएल-५ ऑइल पडले आहे
नमस्कार. माझ्या मॅन्युअल गाडीच्या पुस्तिकेत ७५डब्ल्यू-८० (हा ऑइलच्या घट्टपणाचा आकडा) जीएल-४ (हा गिअर ऑइलचा दर्जा) ऑइल घालावे असे स्पष्ट लिहिलेले असूनही मेकॅनिकने मागच्या सर्व्हिसिंगला त्याहून घट्ट असे ८०डब्ल्यू-९० जीएल-५ भरले, हे बिल पाहताना आता लक्षात आले (तेव्हाच वाचायला हवे होते, हे मान्य), आणि तेव्हापासून सकाळी गाडी थंड असताना दुसरा गिअर अडखळत पडतो. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसयुक्त रसायने जास्त असल्याने पितळी सिंक्रोनायझर रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) अपाय होऊ शकतो, हे मला ठाऊक आहे. परंतु सध्याचा त्रास केवळ ऑइलच्या घट्टपणामुळे असेल का? ते लगेच बदलावे का, आणि निथळल्यावर आत उरलेले थोडे जुने ऑइल नव्यात मिसळलेले चालते का? अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.