माणसाने न छेडलेले तीन समुद्रतळ, तीन वेगळ्या वस्त्या: चिखलात विविधता कमी म्हणजे तळ बिघडलाय का?

तळशोध
समुद्रतळातले छोटे प्राणी मोजतोय. 12 मीटर खोलीवर बारीक वाळू, 35 मीटरवर चिखल आणि 3 मीटरवर समुद्रगवत अशी तीन ठिकाणं आहेत. कुठेही ट्रॉलिंग (तळावरून जाळं ओढून मासेमारी), सांडपाणी किंवा गाळउपसा नाही. वाळू आणि चिखलातून 0.1 चौ. मी. व्हॅन व्हीन ग्रॅबचे (तळाचा घास घेणारा जबडा) प्रत्येकी 3 नमुने घेतलेत, गवतातून 15 सेंमी व्यासाच्या हातकोअरचे (हाताने गाळात खुपसायची नळी) 3. वाळू-गवताला 1 मिमी चाळणी, चिखलाला 0.5 मिमी. शॅनन निर्देशांक (जाती किती आणि त्यांत प्राणी किती समान वाटलेत, याचा एक आकडा) चिखलात सगळ्यात कमी येतो, आणि तिथले निम्म्याहून जास्त प्राणी स्पिओनिड कृमी आहेत. हे कृमी तर प्रदूषणाची खूण मानतात ना? मग हा तळ बिघडलेला धरायचा का?

गाळवाचक
एवढ्यावरून नाही. चिखलाची तुलना तशाच खोलीच्या, तशाच चिखलाशी करायची. वाळूशी केली तर चिखल जवळजवळ नेहमीच दोषी ठरतो.

चिखलात प्राणवायू वरच्या काही मिलिमीटरांतच संपतो. कोअर उभा कापून बघा: वर तपकिरी पातळ थर, खाली काळा गाळ आणि त्या काळ्यात मधेच बिळाभोवती तपकिरी कडं. कृमी वरचं पाणी बिळात खेळवतो, म्हणून तेवढ्याच भिंतीला प्राणवायू मिळतो. अशा जागी बीळ करून राहणारे किंवा पृष्ठभागालगतच खाणारे टिकतात. स्पिओनिड आपल्या दोन लांब स्पर्शकांनी पृष्ठभागावरचे कण वेचतात, त्यामुळे ते तिथे असणं स्वाभाविकच. शिवाय या एकाच कुळात सोशिक जाती आहेत तशा नाजूकही आहेत. कुळाच्या नावावर निकाल देऊ नका, जातीपर्यंत ओळख करा.

पाणी गाळून खाणारे शिंपले मऊ चिखलात कमी का, याचं एक कारण ऱ्होड्स आणि यंग यांनी 1970 मध्ये दाखवलं. गाळ खाणारे प्राणी तळ सतत उकरून सैल करतात, थोड्याशा प्रवाहानेही तो उठतो, त्यात गाळून खाणाऱ्यांचे कल्ले तुंबतात आणि नुकती बसलेली पिल्लं गाडली जातात. म्हणजे प्राणीच एकमेकांची जागा ठरवतात, त्याला माणूस लागत नाही. वाळूत मात्र कणांमधून पाणी वाहतं, प्राणवायू खोल जातो, पण लाटांनी तळ हलतो. तिथे झटकन पुन्हा रुतणारे ॲम्फिपॉड (कोळंबीसारखे छोटे जीव) आणि शिंपले वरचढ. गवतात मुळांचं जाळं गाळ धरून ठेवतं आणि पानांवर वेगळीच वस्ती असते.

अरबी समुद्राचंच बघा. साधारण 150 ते 1000 मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू नैसर्गिकरीत्याच अत्यल्प आहे. ओमानच्या उतारावर या पट्ट्यात प्राणी दाटीने सापडले, पण जाती मोजक्या आणि त्यांतही बहुकेस कृमींचाच (स्पिओनिड ज्यात मोडतात तो गट) भरणा. पीअरसन-रोझेनबर्ग (1978) यांचा सेंद्रिय भाराचा (तळावर साचणाऱ्या सेंद्रिय पदार्थांचा) आलेख प्रदूषणाच्या उगमापासून दूर जाताना वस्ती कशी बदलते ते सांगतो. वाळूकडून चिखलाकडे जातानाच्या फरकाला तो लावू नये.

चाळणीवाला
त्याआधी नमुन्यांचं बघू. तीन ठिकाणी तीन पद्धती झाल्यात.

1 मिमी चाळणीतून बारीक कृमी आणि पिल्लं निसटतात, 0.5 मध्ये अडकतात. चिखलात कृमींची संख्या फुगण्यात याचा वाटा असणार. चिखलाचा नमुना आता 1 मिमीतून पुन्हा चाळता येईल, पण पूर्ण भरपाई होत नाही: जिवंत कृमी वळवळत जाळीतून निघून जातो, फॉर्मॅलिनमध्ये (नमुने टिकवायचा द्राव) ताठ झालेला अडकतो. अहवालात हे लिहाच.

15 सेंमीच्या कोअरचं क्षेत्रफळ 0.0177 चौ. मी. एका ग्रॅबची बरोबरी व्हायला 6 कोअर लागतात. तरी ते 6 विखरून घेतले की तळाची जास्त वेगवेगळी ठिगळं सापडतात, म्हणून जाती एका ग्रॅबपेक्षा जास्त दिसतात. पानांवरचे प्राणी कोअरने नीट येत नाहीत. त्यांच्यासाठी पानांवर पिशवी चढवून ती बुडाशी कापा आणि वेगळी मोजा.

ग्रॅब घट्ट वाळूत वरवरच चावतो. 5 सेंमी भरला तर 5 लिटर, त्याहून कमी असेल तर टाकून द्या. जबड्यात शिंपला अडकून पाणी गळत असेल तरी टाका. चिखलात हळू सोडा, नाहीतर पुढे ढकललेलं पाणी वरचा भुसभुशीत थर आणि हलके क्युमेशिअन (कोळंबीच्या नात्यातले इवलेसे जीव) उडवून लावतं.

तळशोध
नमुने 4 टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेत, बोरॅक्स (आम्लता मारणारा क्षार) घातला नव्हता. चालेल?

चाळणीवाला
नाही. बोरॅक्सशिवाय फॉर्मॅलिन आम्ल होतं आणि लहान शिंपल्यांची कवचं, ठिसूळ-ताऱ्यांच्या (तारामाशासारखे प्राणी) तबकड्या विरघळवतं. मूळ बाटलीत तळाशी थोडा न विरघळता उरेल इतका बोरॅक्स घालायचा, मग 1 भागाला 9 भाग समुद्राचं पाणी. आहेत ते नमुने लगेच धुऊन 70 टक्के अल्कोहोलमध्ये हलवा, धुताना हवा खेळती ठेवा.

अंकमोड
तुलनेसाठी शॅनन बाजूला ठेवा. सारख्या संख्येवर आणलेली जातिसंख्या, म्हणजे रेअरिफॅक्शन (सँडर्स 1968, हर्लबर्टची दुरुस्ती 1971) वापरा, तीही चाळणी एक केल्यावर. जातिरचनेसाठी आकड्यांचं चौथं मूळ (म्हणजे एखाद्या भरमसाट जातीचा दबाव कमी होतो), मग ब्रे-कर्टिस (दोन नमुने किती सारखे याचं माप).

अडचण नमुन्यांच्या संख्येची आहे. ॲनोसिम ही चाचणी नमुने गटांत अदलाबदल करून फरक तपासते. 3 विरुद्ध 3 मध्ये तिच्या वेगळ्या मांडण्या फक्त 10 होतात, त्यामुळे फरक कितीही ढळढळीत असला तरी पी (असा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता) 0.1 च्या खाली जाणारच नाही. 4 विरुद्ध 4 ला 35 आणि 5 विरुद्ध 5 ला 126 मांडण्या मिळतात. पर्मानोव्हा (गटांतला फरक तपासायची अशीच दुसरी चाचणी) केली तर सोबत पसरणीची, म्हणजे गटातले नमुने आपापसांत किती वेगळे याची, चाचणीही करा. गवतातले नमुने आपापसांतच विखुरलेले असतात आणि तोही फरक म्हणून दिसतो.

पण एकाच जागेवरचे 5 ग्रॅब म्हणजे 5 वाळूचे तळ नव्हेत. खोली, जागा आणि गाळ तिन्ही एकदम बदललेत, तेव्हा फरक कशामुळे हे सांगता येणार नाही. प्रत्येक अधिवासाच्या निदान 3 वेगळ्या जागा घ्या, आणि प्रत्येक ग्रॅबमधून प्राणी चाळण्याआधी कणांचा आकार आणि सेंद्रिय कर्ब यांसाठी चमचाभर गाळ वेगळा काढून ठेवा.