शाळेच्या फुटबॉलला आधी काय घ्यावं: कोन-शिडी की बॉल?

पेठेतला_राईटबॅक
कोल्हापुरातल्या एका शाळेने फुटबॉलचं साहित्य घेतलं. कोन (खुणेसाठी जमिनीवर ठेवायचे प्लास्टिकचे शंकू), पायांच्या सरावाची शिडी, छोटे हर्डल, वर फ्री किकला भिंत म्हणून उभे करायचे माणसाएवढे दोन पुतळे. बॉल मात्र चारच, तेही पाच नंबरचे! सहावीची चाळीस पोरं चार रांगांत कोनांमधून ड्रिबलिंग करतात. एका फेरीला वीस सेकंद धरा. पंचवीस मिनिटांत एकाच्या वाट्याला सात फेऱ्या, म्हणजे अडीच मिनिटंही बॉल पायाशी नाही. बाकी वेळ रांगेत ढकलाढकली. दोन पोरांमागे एक बॉल झाल्याशिवाय दुसरं काही घेऊच नये. कोन काही टॅकल करून बॉल काढून घेत नाही, त्यामुळे पोरं मान खाली घालून पळतात आणि मॅचमध्ये तीच सवय नडते.

पीटीचा_तास
रांगा लावल्या सरांनी, शिव्या खातायत कोन. पस्तीस मिनिटांच्या तासात फक्कीने मैदानाच्या रेषा मारायला वेळ कुणाला आहे? सोळा कोनांत आठ गोल होतात. चार छोटी मैदानं, पाच-पाचच्या चार मॅचेस, चाळीस पोरं खेळात. बॉल चारच लागले.

पेठेतला_राईटबॅक
हे मान्य. पण शिडीचं काय? त्यात पाय नाचतात, बॉल कुठाय?

पीटीचा_तास
शिडीची बाजू मीही घेणार नाही. वॉर्मअपला ठीक.

गडहिंग्लजची_ताई
मी मुलींना शिकवते, म्हणून थोडं वेगळं सांगते. पेठेतली पोरं लहानपणापासून शाहू स्टेडियमवर पाटाकडील-दिलबहार या तालमींच्या संघांच्या मॅचेस बघत वाढतात, गल्लीत खेळतात. माझ्याकडच्या बऱ्याच मुली सातवीत पहिल्यांदा बॉलला पाय लावतात. थेट मॅच लावली की दोघी-तिघीच खेळतात, बाकीच्या बॉल आला की बाजूला होतात. कोनांमधून एकटीने, कुणी अंगावर न येता बॉल नेला की धीर येतो. मग एकेक कोन उचलायचा आणि तिथे मैत्रीण उभी करायची. आधी पाय न हलवता, नंतर बॉल काढून घ्यायला. बॉल वाढवा, पण म्हणून कोन टाकून देऊ नका.

तालमीचा_गडी
लई शास्त्र झालं भावांनो. अनिकेत जाधव आपल्या कोल्हापूरचा, 2017 ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपात भारताकडून खेळला. तो काय कोनावर घडला व्हय?

पीटीचा_तास
तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला, भावा. तिथं काय नुसत्या गल्लीतल्या मॅचेस लावत असतील व्हय?

गडहिंग्लजची_ताई
आणि राईटबॅक, सहावीला चार नंबरचा बॉल मागा. तो 350 ते 390 ग्रॅमचा असतो, पाच नंबरचा 410 ते 450. जड बॉलला बारकी पोरं बोटांच्या टोकाने टोच मारायला लागतात. इनस्टेप, म्हणजे पायाच्या वरच्या भागाने मारायची किक शिकवायची तर आधी हे बदला, स्वस्तातली सुधारणा आहे.

पेठेतला_राईटबॅक
शाळेत बोलतो. पण त्या दोन पुतळ्यांचं काय करायचं?

तालमीचा_गडी
नववीच्या पोरांना दे फ्री किकला. सहावीच्यांचा बॉल तेवढा वर जाईस्तोवर दिवाळी येईल.