शब्दचर्चा: केमोच्या 'सायकल'ला मराठीत काय म्हणावं?

भडगाववाला: वडिलांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. जेमसिटाबिन हे केमोचं औषध सुरू केलंय. फाइलवर लिहिलंय, 'सायकल १, दिवस १, ८, १५'. आबांनी ते वाचलं नि विचारलं, "दवाखानामा सायकल कसाले रे?" त्यांना पटेल असा शब्द हवाय. 'चक्र' सांगून पाहिलं, त्यांना वाटलं चक्कर येणार.

चाळीसगावकर: गिरणेच्या लाभक्षेत्रात राहता आणि शब्द विचारता? आवर्तन! जामदा कालव्याला पाणी सुटतं, बंद होतं, पुन्हा सुटतं. आबांचंही तेच. आठवड्याला एक असे तीन डोस, चौथा आठवडा कोरडा. २८ दिवसांचं एक आवर्तन.

धुळेकर: अर्थ उलटा पडतो हो. आवर्तन पीक जगवायला सोडतात. हे पेशी मारायला.

यावलची औषधवाली: मारतं, पण फसवून. पेशीची दुसरी पेशी होताना आधी डीएनएची नवी माळ ओवली जाते. जेमसिटाबिन त्यातल्या एका मण्यासारखंच दिसतं, फक्त त्याच्या एका कार्बनवर फ्लोरिनचे दोन अणू असतात. पेशी ते आपलंच समजून ओवते, पुढे आणखी एक मणी बसतो आणि माळ अडते. अमेरिकेत १९९६ सालीच या कॅन्सरसाठी मान्यता मिळालेलं, तसं जुनं औषध. (केपसिटाबिन वेगळं बरं का! शेपूट सारखं, पण ती गोळी. हे सलाईनमधून देतात.) अडचण अशी की भराभर वाढणाऱ्या चांगल्या पेशीही यात सापडतात, हाडाच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या तर हमखास. त्यांना सावरायला तो कोरडा आठवडा. शिवाय दर डोसाआधी रक्त तपासतात.

चाळीसगावकर: मग हा सरळ वाफसा झाला! पाणी मुरून जमिनीत हवा खेळायच्या आत, म्हणजे वाफसा यायच्या आत, पुन्हा पाणी दिलं तर केळीची मुळं कुजतात.

धुळेकर: वाफसा मान्य. आवर्तन मी अजून तबल्यापुरतंच ठेवतो.

भडगाववाला: आबांनी दोन्ही शब्द उचलले. आता रक्ताचा रिपोर्ट आला की पहिला प्रश्न, "वाफसा उना का?" काल प्लेटलेट कमी निघाल्या, डॉक्टरांनी डोस आठवडाभर पुढे ढकलला. म्हटलं, "नही उना, आबा." ते म्हणाले, "मंग पानी लांबू दे," आणि कूस बदलून झोपले.