३,३५,५०,३३६ : पूर्ण, पूर्णांक की परिपूर्ण?

प्रश्न : ३,३५,५०,३३६ या संख्येचा उल्लेख एका लेखात ‘पूर्ण संख्या’ असा, तर दुसऱ्या लेखात ‘परिपूर्ण संख्या’ असा आढळला. हे दोन शब्द समानार्थी मानावेत काय?

उत्तर : मानू नयेत. ०, १, २, ३ या क्रमाने येणारी प्रत्येक संख्या पूर्ण संख्या होय आणि त्यांत ऋण संख्याही मिळवल्या की पूर्णांक होतात; त्यामुळे तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस या संख्येला नुसते ‘पूर्ण’ म्हणणे चूक नसले, तरी त्यातून तिचे वेगळेपण काहीच कळत नाही. ‘परिपूर्ण’ हे विशेषण मात्र दुर्मीळ आहे : स्वतःखेरीज इतर सर्व विभाजकांची बेरीज जिची तिलाच येते, ती परिपूर्ण संख्या. ६, २८, ४९६ आणि ८१२८ यांच्यानंतरची, म्हणजे पाचवी, परिपूर्ण संख्या हीच आहे. येथे ‘परि’ हा उपसर्ग केवळ शोभेसाठी नाही. तो गाळल्यास व्याख्याच बदलते.

पडताळा सोपा आहे. ही संख्या म्हणजे ४०९६ × ८१९१. पैकी ४०९६ हा २ चा बारावा घात आहे आणि ८१९१ (२ च्या तेराव्या घातापेक्षा १ ने लहान) ही मूळ संख्या आहे. १ पासून ४०९६ पर्यंतच्या २ च्या घातांची बेरीज ८१९१ येते, उरलेल्या विभाजकांची बेरीज ८१९१ × ४०९५ येते आणि दोन्ही मिळवल्यावर मूळचीच संख्या परत मिळते. (‘मूळची’ आणि ‘मूळ’ यांची ही गल्लत टाळायची असेल, तर ‘अविभाज्य संख्या’ हा पर्याय मला अधिक नेमका वाटतो, पण शाळेत ‘मूळ’ रुळला आहे.) ८१९१ च्या जागी संयुक्त संख्या आली असती, तर तिचे स्वतःचे विभाजक बेरजेत शिरून हिशेब बिघडला असता. २ च्या घातांवरून अशी संख्या रचण्याची ही कृती युक्लिडने दिली, आणि प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच साच्याची असते हे पुढे ऑयलरने सिद्ध केले.

शंका : ‘विभाजक’ म्हणण्याऐवजी ‘भाजक’ किंवा ‘अवयव’ म्हटले तर काय बिघडते?

उत्तर : बाकी उरली तरी भाजक हा भाजकच राहतो, बाकी शून्य आली तरच त्याला विभाजक म्हणता येते. ‘अवयव’ या शब्दाचा वापर सैल आहे. या संख्येचे मूळ अवयव पाडले तर बारा वेळा २ आणि एकदा ८१९१ असे १३ मिळतात, विभाजक मात्र २६ आहेत. म्हणून व्याख्येत ‘विभाजक’च हवा.

‘स्वतःखेरीज’ हा शब्दही जपून वापरावा. बेरजेच्या व्याख्येत तो अनिवार्य आहे, परंतु सर्व विभाजकांच्या गुणाकार व्यस्तांची बेरीज बरोबर २ येते हा गुणधर्म सांगताना तो गाळावा लागतो, नाहीतर बेरीज एक छेद ३,३५,५०,३३६ एवढ्याने कमी भरते.