'हे अंशतः खरे आहे'

"विधानसभेत दिवसभर नुसता आरडाओरडा, कामकाज कुठं असतं?" असं बरेच जण म्हणतात. आमच्याकडं कोल्हापुरात बिंदू चौकात उभं राहिलं तरी हेच ऐकू येतं. टीव्हीवर गोंधळाचीच दोन मिनिटं दाखवतात, मग दुसरं काय वाटणार?

पण एखाद्या दिवसाची तारांकित, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या, प्रश्नोत्तरांची यादी वाचून बघा. भाषा अगदी ठरलेली. सुरुवात 'हे खरे आहे काय', शेवट 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत'. उत्तरं 'होय', 'हे खरे नाही', नाहीतर 'हे अंशतः खरे आहे'. आणि विलंबाच्या प्रश्नाला 'प्रश्न उद्भवत नाही'! आमच्या पंचगंगेचं प्रदूषण काय, ऊसबिलं काय, त्या 'अंशतः'मध्ये सगळं मावतं. मंत्र्याची खरी परीक्षा होते ती उपप्रश्नांत, म्हणजे उत्तरावर तिथल्या तिथं विचारलेल्या पुढच्या प्रश्नांत, आणि ते लेखी उत्तराच्या अतारांकित प्रश्नाला विचारता येत नाहीत. प्रश्नोत्तराच्या तासाभरात मोजकेच प्रश्न पुकारले जातात, बाकीच्यांचं लेखी उत्तरावर भागतं.

त्या तासानंतर कागदपत्रं पटलावर (सभागृहापुढं) ठेवणं, नियम १०५ च्या लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधणाऱ्या सूचना), विधेयकं. हे कुणी बघत नाही, पण कायदे तिथंच होतात. २८८ च्या सभागृहाला गणपूर्तीसाठी, म्हणजे कामकाजाला लागणाऱ्या किमान हजेरीसाठी, २९ जण पुरतात. आपल्या जिल्ह्याचे दहाच्या दहा आमदार बसले तरी तिसरा हिस्सा भागला की! मला गोंधळापेक्षा संध्याकाळची रिकामी बाकं जास्त खटकतात. तुमच्या आमदारानं गेल्या अधिवेशनात किती प्रश्न विचारले, बघितलंय का कुणी?