सल्ला हवा : कानबाईवरच्या गेमची चित्रं एआयकडून करावीत की चित्रकार शोधावा?

गिरणाकाठ

नमस्कार मंडळी. मी भडगाव तालुक्यातला. मावसभाऊ आणि मी मिळून एक छोटा गेम करतोय. टूडी, पॉइंट अँड क्लिक, म्हणजे सपाट चित्रांवर क्लिक करत खेळायचा. कानबाई ही आमच्या खानदेशातली देवी, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते आणि सोमवारी विसर्जन होतं, त्या दोन दिवसांत घडणारी गोष्ट आहे. आजीनं सांगितलेलं सामान गोळा करायला एक लहान मुलगी गावभर फिरते, माणसं भेटतात, घराघरातल्या गोष्टी कळतात. संवाद मराठीत आणि अहिराणीत, दोन्ही. गोडो इंजिनमधलं कोडिंग माझ्याकडे, लेखन भावाकडे. गाडी अडलीय ती चित्रांवर.

तीसेक देखावे लागतील. चित्रांसाठी साठ हजार रुपये बाजूला काढलेत आणि तेवढ्यात तीस देखावे कोणी करून देईल असं वाटत नाही. भाऊ म्हणतो, सरळ एआयकडून करून घेऊ. काही चित्रं काढून पाहिली. लांबून बघितली तर फार देखणी वाटतात. पण कानबाई मागितली की सिंहावर बसलेली अष्टभुजा देवी येते. नारळाला डोळे, नाक, नथ लावून सजवलेली आपली कानबाई त्याला ठाऊकच नाही. पुष्कळ वर्णन केल्यावर नारळ आला, तोही आंब्याच्या पानांत ठेवलेला कलशावरचा. घरांचं तेच. धाब्याची सपाट छपरं कितीही समजावून सांगा, उतरती कौलंच येतात. आमचं गाव कोकणात गेल्यासारखं दिसतं.

तर विचारायचं हे की स्टीमवर, म्हणजे गेम विकायच्या त्या ऑनलाइन दुकानात, एआयची चित्रं चालतात का? लोक असा गेम घेतात का? आणि साठ हजारांत माणसाकडून काम करून घ्यायचं तर ते कसं बसवायचं? पुढच्या भागात सातपुड्यातली होळी घ्यायचाही विचार आहे, त्याबद्दलही सांगा.

पांझरेपल्याड

मी मूळचा धुळ्याचा, सध्या पुण्यात गेमच्या कामात आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: चालतात, पण सांगावं लागतं. स्टीम चालवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीनं जानेवारी 2024 मध्ये नियम केला. स्टीमवर गेम टाकताना जो फॉर्म भरायचा असतो त्यात एआयचा वापर लिहावा लागतो. आधीच तयार करून गेममध्ये घातलेला मजकूर-चित्रं वेगळी आणि गेम चालू असताना तयार होणारं वेगळं, असे दोन प्रकार आहेत. तुमचं पहिल्या प्रकारात येईल. तुम्ही जे लिहाल ते गेमच्या पानावर गिऱ्हाइकाला दिसतं. इच आयओ या छोट्या गेमच्या संकेतस्थळानंही नोव्हेंबर 2024 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या तयार असेट्सवर (गेममध्ये वापरायची चित्रं, आवाज वगैरे) अशी नोंद सक्तीची केली आहे.

लोक घेतात का, तर काही घेतात. पण छोटे गेम शोधून शोधून खेळणारा जो वर्ग आहे, जो तुमचा खरा गिऱ्हाईक आहे, तो या बाबतीत सर्वांत कडक आहे. डिसेंबर 2024 मध्ये कॉल ऑफ ड्यूटीच्या ब्लॅक ऑप्स 6 मधल्या झोंबी सांताच्या चित्रात लोकांनी सहा बोटं मोजली होती. त्यानंतर फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांच्या स्टीमच्या पानावर एआय वापराची नोंद आली. एवढी मोठी कंपनी ते पचवून पुढे जाते. आपल्यासारख्यांना पहिल्या आठवड्यात पाच-दहा वाईट अभिप्राय आले तर गेम तिथेच बसतो.

कोणी म्हणेल, आता एआयची चित्रं तात्पुरती लावा, नंतर बदला. हे करू नका. क्लेअर ऑब्स्क्युअर : एक्स्पिडिशन 33 हा 2025 चा सर्वांत गाजलेला गेम. त्यात तात्पुरती म्हणून घातलेली एआयची काही टेक्श्चर्स (भिंती-वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) प्रकाशनाच्या वेळी तशीच राहिली. काही दिवसांत काढलीही. तरी डिसेंबरमध्ये इंडी गेम अवॉर्ड्सनं दिलेले दोन्ही पुरस्कार परत घेतले, त्यात वर्षातल्या सर्वोत्तम गेमचाही होता. तात्पुरतं लावायचं तर करड्या रंगाचे चौकोन लावा, वर मोठ्या अक्षरात 'विहीर', 'ओटा', 'आजी' असं लिहा. ते चुकून कधीच राहून जात नाही.

नवापूरनाका

माझं मत थोडं वेगळं आहे. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओकडे चित्रकारांची टीम असते. भडगावच्या दोन पोरांकडे साठ हजार रुपये आहेत. एआय नको म्हणून गेमच झाला नाही तर कानबाईचं काय भलं झालं? अहिराणी संवाद असलेला गेम लोकांसमोर येणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. खुलेपणानं लिहा की चित्रं एआयची आहेत, गोष्ट आणि भाषा आमची आहे. ज्याला पटेल तो घेईल. मी स्वतः पोरांसाठी अभ्यासाची छोटी ॲप्स करतो, त्यात चिन्हं, पार्श्वभूमी अशी चित्रं एआयचीच असतात आणि मी तशी नोंद देतो.

रावेरची रेघ

गिरणाकाठ दादा, मी चित्रकार आहे, पुस्तकांची आणि पॅकिंगची कामं करते. नवापूरनाका भाऊंचा मुद्दा मला समजतो. अभ्यासाच्या ॲपमध्ये बेरीज शिकवायला सफरचंद कुठलंही चालतं. पण तुमच्या गेममध्ये विकण्यासारखं आहे काय? तो गाव. ती देवी. तेच खोटं निघालं तर उरलं काय?

आमच्याकडे केळी आहे म्हणून मी एआयला केळीचा घड काढायला लावते, दर वेळी. त्याची केळी बाजारात टांगलेल्या फणीसारखी खाली लोंबतात. उभ्या खोडावरच्या घडाकडे बघा: घड खाली वाकलेला असतो, पण एकेक केळं वर वळलेलं असतं. फण्या वरून खाली लहान होत जातात आणि टोकाला केळफूल. हे रावेर-यावलच्या कुठल्याही पोराला न बघता सांगता येतं. जगातल्या फोटोंमध्ये दुकानातल्या केळ्यांचे फोटो बागेतल्या घडांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, म्हणून यंत्राचा कल तिकडे जातो. कानबाईच्या बाबतीत तर फोटोच थोडे. जे इंटरनेटवर मुबलक आहे त्याच्याकडेच ते ओढलं जाणार, म्हणून दुर्गा येते, म्हणून कौलं येतात. वर्णन वाढवून हा प्रश्न सुटणार नाही.

आता साठ हजारांचं बोलू. तीस देखावे आधी कमी करा. कथानक ऐकून मला वाटतं नऊ-दहा जागांत बसेल: आजीचं घर आतून, ओटा, गल्ली, विहीर, किराणा दुकान, शेताची वाट, देवीची खोली, नदी वगैरे. तीच जागा सकाळी, संध्याकाळी आणि रात्री वेगळी दिसते. चित्र एकदाच काढायचं, थर वेगळे ठेवायचे आणि रंग गोडोमध्ये बदलायचे. त्यासाठी कॅनव्हासमॉड्युलेट नावाचा नोड आहे, तुम्हाला माहीत असेलच.

दुसरं म्हणजे शैली अशी निवडा की कमी काढून भागेल. लिम्बो हा 2010 चा गेम सगळा सावल्यांत आहे. 2018 चा रिटर्न ऑफ द ओब्रा डिन एकाच रंगात आहे. या गेमना कोणी कमी प्रतीचं म्हणत नाही. कानबाईच्या रात्री जागरण असतं, दिव्याचा उजेड असतो. मातीचा एक रंग, कुंकवाचा एक, रात्रीचा निळा आणि काळा, एवढ्या चार रंगांत सगळा गेम करा. रंगसंगती बांधून घेतली की चित्रकाराचा वेळ निम्म्यावर येतो आणि गेमला स्वतःचा चेहरा मिळतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओचा राजी हा गेम 2020 मध्ये आला, त्यांनी पहाडी चित्रशैली धरली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. म्हणून तो कुठल्याही स्क्रीनशॉटवरून ओळखू येतो.

चित्रकार शोधायला मुंबईला जायची गरज नाही. जळगाव-धुळ्यात दर वर्षी जी.डी. आर्ट आणि एटीडी हे चित्रकलेचे डिप्लोमा झालेली मुलं बाहेर पडतात. त्यांच्या वार्षिक प्रदर्शनाला जा, मांडलेली चित्रं बघा आणि स्केचबुक मागा. ज्याच्या स्केचबुकात एसटी स्टँड, म्हशी, भाजीवाल्या बायका सापडतील तो तुमचा माणूस. आणखी एक सुचवते. फ्लेक्स आल्यावर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांची कामं गेली, पण ती माणसं आहेत, त्यांचा हात आहे. गेमचं नाव आणि दुकानांच्या पाट्या त्यांच्याकडून कागदावर रंगवून घ्या आणि स्कॅन करा. तसलं अक्षर कुठल्याही फाँटमध्ये नाही.

आणि फुकट काम मागू नका, 'नाव होईल तुमचं' असं तर अजिबात म्हणू नका. आधी एका देखाव्याचे पैसे देऊन एकच चित्र करून घ्या. जमलं तर पुढचं.

गिरणाकाठ

ताई, केळीचं वाचून आत्ता शेतात जाऊन बघून आलो! चार रंगांची कल्पना भावालाही एकदम पटली. नऊ जागांची यादी करतोय. एक शंका: चित्रकाराला पैसे दिले म्हणजे चित्रं आमची झाली ना?

कोर्टगल्ली

नुसते पैसे दिले म्हणून सगळं तुमचं झालं असं धरून चालू नका. प्रताधिकार कायदा 1957, कलम 17 मध्ये मोबदला देऊन काढून घेतलेल्या पेंटिंग, पोर्ट्रेटसाठी ते काढवून घेणाऱ्याच्या बाजूची तरतूद आहे. पण गेममधली बटणं, ॲनिमेशन, अक्षरं त्यात बसतात का यावर वाद होऊ शकतो. म्हणून लेखी करार करा, दोघांच्या सह्यांनिशी. कलम 19 नीट वाचा. हक्क हस्तांतरणाच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तुम्ही स्टीमवर जगभर विकणार. तेव्हा 'संपूर्ण जगासाठी, प्रताधिकाराच्या संपूर्ण मुदतीसाठी' हे शब्द करारात हवेतच. मोबदल्याची रक्कमही लिहा. कलम 57 प्रमाणे चित्रकाराचा श्रेयाचा हक्क चित्रांचे हक्क विकल्यानंतरही राहतो, त्यामुळे श्रेयनामावलीत नाव द्यायचंच.

एआयच्या चित्रांची बाजू जास्त कच्ची आहे. आपल्या कायद्यात कलम 2(ड) मध्ये संगणकनिर्मित कलाकृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती, असं लिहिलंय. पण ती व्याख्या 1994 च्या दुरुस्तीतली आहे, आजच्या एआयचा विचार तेव्हा कोणी केलेला नव्हता. अमेरिकेत तर चित्र स्पष्ट आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथल्या कॉपीराइट ऑफिसनं मिडजर्नी या एआयची चित्रं असलेल्या एका कॉमिकच्या बाबतीत मजकूर आणि मांडणीला संरक्षण दिलं, चित्रांना नाकारलं. मार्च 2025 मध्ये अपील कोर्टानंही कर्ता माणूसच हवा असं म्हटलं. म्हणजे उद्या तुमची एआयची आजी कोणी उचलून दुसऱ्या गेममध्ये घातली तर तिथे तुम्हाला फार काही करता येणार नाही. शिवाय डिस्ने आणि युनिव्हर्सलनं जून 2025 मध्ये मिडजर्नीवर दावा लावलाय. त्या भांडणात छोट्या माणसानं आपला माल कशाला अडकवायचा?

अक्राणी

सातपुड्यातल्या होळीबद्दल विचारलंत म्हणून लिहितो. मी धडगावकडचा आहे, शिक्षक आहे. काठी गावची होळी बघायला हजारो लोक येतात, कॅमेरे घेऊन येतात. मोरपिसांचा उंच टोप, अंगावर राखेचे ठिपके, कमरेला घुंगरं आणि भोपळे, हे सगळं फोटोत फार छान दिसतं. पण ती माणसं नवस म्हणून ते करतात. त्या दिवसांत नेम पाळतात. तो साजशृंगार कोणी करायचा, कधी उतरवायचा, याला नियम आहेत.

मी एका एआय ॲपवर 'सातपुड्यातला आदिवासी होळी नर्तक' असं लिहून पाहिलं. आलं ते कुठल्यातरी आफ्रिकी मुखवट्याचं आणि अमेरिकी आदिवासींच्या पिसांच्या टोपाचं मिश्रण. हातात भाला. मला ते बघवलं नाही. आमच्या वर्गातल्या पोरांनी उद्या तुमचा गेम खेळला आणि त्यात आपला बाप असा दिसला तर त्यांना काय वाटेल?

तुम्ही हा भाग करू नका असं मी म्हणत नाही. करा. पण होळीच्या आधी गावात या, डायाला... म्हणजे तिथल्या जाणत्यांना भेटा, काय दाखवलेलं चालेल ते विचारा. आमच्याकडची पोरं चित्रं काढतात, एक-दोघांचा हात फार चांगला आहे. काम त्यांना द्या, पैसे त्यांना द्या. हे जमणार नसेल तर होळी सोडून दुसरं काही घ्या.

नवापूरनाका

अक्राणी सरांचं पटलं. देव-धर्म आणि माणसांची चित्रं यात माझं आधीचं म्हणणं लागू होत नाही, हे मान्य. गिरणाकाठ, तुम्हाला झाडं, भांडी, दगड-धोंडे असलं किरकोळ लागलं तर केनीच्या संकेतस्थळावर सीसीझिरो परवान्याची असेट्स आहेत, फुकट आणि विकायच्या गेममध्येही चालतात. त्यालाही एआयची गरज नाही.

गिरणाकाठ

सगळ्यांचे आभार, मनापासून. असं ठरवतोय: एआयची चित्रं गेममध्ये एकही नाही. जागा नऊ, रंग चार. पुढच्या महिन्यात जळगावला प्रदर्शन आहे, तिथे दोघं जाऊ आणि एका देखाव्याचं काम देऊन बघू. करार कोर्टगल्ली साहेबांनी सांगितला तसा. होळीचा भाग आत्ता बाजूला. अक्राणी सर, तुम्हाला निरोप पाठवतो, आधी येऊन भेटतो.

एक मदत हवी. चित्रकाराला दाखवायला कानबाईचे फोटो लागतील. ज्यांच्या घरी बसते त्यांनी पाठवले तर फार उपकार होतील.

पांझरेपल्याड

आमच्या घरी बसते, पाठवतो. नुसता देवीचा चेहरा पुरणार नाही, चौरंग, आरास, रोटांचं ताट, खोलीचे कोपरे, दरवाजा, बाहेरची चप्पल सगळं काढून पाठवतो. आरास तालुक्यागणिक बदलते, म्हणून प्रत्येकानं फोटोबरोबर गावाचं नाव लिहा. आणि गिरणाकाठ भाऊ, स्टीमवर गेम टाकायच्या शुल्काचे 100 डॉलर त्या साठ हजारांत धरू नका, वेगळे काढून ठेवा.

रावेरची रेघ

माणसांचे चेहरे असलेले फोटो पाठवताना घरच्यांना विचारा, आणि दादा, तुम्ही ते फक्त चित्रकाराला दाखवा, कुठल्याही ॲपमध्ये चढवू नका. माझ्या मावशीकडचे फोटो आज रात्री पाठवते, नथीचा जवळून काढलेला एक आहे त्यात.