पुण्या-मुंबईला कधीमधी जाणाऱ्यांनी बस, मेट्रो, लोकलचे पैसे कसे द्यावेत? (मदत हवी आहे)

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही अमळनेरचे. मुलगा पुण्याला शिकतोय, नणंद डोंबिवलीला. त्यामुळे दोन्हीकडे जाणं होतं, पण सणावारी, लग्नकार्याला, नाहीतर सासूबाईंच्या तपासणीला. दोन-चार दिवस राहायचं आणि परत गावी.

गावात हा विषयच नाही. रिक्षात सीट भरल्या की निघायचं, उतरताना हातावर पैसे ठेवायचे. पुण्या-मुंबईत मात्र दर वेळी काहीतरी नवीन निघालेलं असतं. भाचा म्हणतो कार्ड काढ, मुलगा म्हणतो पास काढ, नणंद म्हणते अ‍ॅप घे. ज्याचं त्याचं बरोबर असेल, पण हे तिघंही रोज प्रवास करणारे. महिन्याचा हिशोब त्यांना जमतो. मी एकदा जाऊन आले की पुन्हा कधी जाईन सांगता येत नाही. एका अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये माझे थोडे पैसे पडून आहेत. ते काढायचे तर फॉर्म भरा, बँकेचे तपशील द्या. तेवढ्या रकमेसाठी कोण करणार?

आमची परिस्थिती अशी: माणसं तीन. स्मार्टफोन एक, तो माझ्याकडे. मालकांचा साधा बटणांचा फोन. सासूबाई बहात्तरच्या. त्यांना एसटीतल्या अर्ध्या तिकिटाची इतकी सवय झालीय की पुण्यात सिटी बसच्या कंडक्टरलाही आधार कार्ड काढून दाखवतात.

मला एवढंच हवंय की पैसे चार ठिकाणी अडकू नयेत आणि तिकीट काढताना मागच्या रांगेने उसासे टाकू नयेत. कार्ड घेऊ, पास घेऊ, की सुटे घेऊन फिरू?

(टॅक्सी करा हे उत्तर कृपया नको. बंद गाडीत सासूबाईंना मळमळतं, आणि खरं सांगायचं तर मला मेट्रो आवडते.)

वाघोलीकर

ताई, मी मूळ पारोळ्याचा, आता इकडेच असतो. पुण्यापुरतं सांगतो.

आपल्याकडच्या ट्रॅव्हल्स संभाजीनगर, अहिल्यानगर करत नगर रोडने पुण्यात शिरतात. मुलगा मेट्रोच्या वाटेवर राहत असेल तर रामवाडीला उतरायचं. मेट्रो सकाळी ६ ला सुरू होते. गाडी पाचलाच पोचली तर चहा घ्या, रिक्षावाल्यांच्या घोळक्यात सापडू नका. तिकीट खिडकीवर रोख देऊन मिळतं. कागदावर क्यूआर छापलेला असतो, तो गेटवर दाखवायचा. फोन काढायचीही गरज नाही. भाडं १० पासून ३५ रुपयांपर्यंत. स्वारगेट किंवा पिंपरीकडे जायचं तर जिल्हा न्यायालय स्टेशनात मार्गिका बदला, तिकीट तेच चालतं. शनिवार-रविवारी ३० टक्के सवलत असते.

पीएमपीच्या (म्हणजे पुण्याच्या सिटी बसच्या) पासबद्दल मुलगा चुकीचं सांगत नाही, पण त्याचा दिवस वेगळा आणि तुमचा वेगळा. १ जून २०२५ पासून ५ किलोमीटरपर्यंत १० रुपये, १० किलोमीटरपर्यंत २० असे टप्पे झालेत. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांच्या हद्दीतला दिवसाचा पास ४० चा होता तो ७० झाला, सगळ्या मार्गांचा १५०. म्हणजे २० रुपयांचे चार प्रवास केले तर कुठे १० रुपये सुटणार. सकाळी दवाखाना, संध्याकाळी घर, एवढंच असेल तर साधं तिकीट काढा. तुळशीबाग, सारसबाग, कुणाकडे हळदीकुंकू असा भटकायचा दिवस असेल तेव्हा पहिल्या बसच्या कंडक्टरकडून पास घ्या. ओळखपत्र जवळ ठेवा. हा पास मेट्रोत चालत नाही.

शेवभाजी

पीएमपीत यूपीआय चालतं, कंडक्टरकडे क्यूआर असतो. पण भरलेल्या बसमध्ये नेट गेलं की तो आपल्या तोंडाकडे बघतो आणि आपण त्याच्या. दहा-वीसच्या नोटा ठेवाच.

सासूबाईंचं म्हणाल तर महिलांना निम्मं तिकीट (१७ मार्च २०२३ पासून) आणि ७५ वर्षांपुढच्यांना मोफत प्रवास, या दोन्ही सवलती एसटीच्या. महापालिकेच्या बसला त्या लागू नाहीत. कंडक्टरवर रागावू नका म्हणावं. मात्र महिलांसाठीच्या 'तेजस्विनी' बसमध्ये दर महिन्याच्या ८ तारखेला बायकांना तिकीट नसतं. तपासणीची तारीख तशी मागून बघा!

मेहरूण

भाचा ज्या कार्डाबद्दल बोलतोय ते एनसीएमसी (नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड) असणार. मार्च २०१९ मध्ये आलं. एकच कार्ड वेगवेगळ्या शहरांतल्या मेट्रोत आणि बसमध्ये चालावं ही कल्पना, आणि कल्पना चांगलीच आहे. मी कामासाठी सारखा फिरतो, मला उपयोग होतो.

तुमच्यासाठी अडचणी दोन. पहिली, एका कार्डावर एकच माणूस आत जातो. तिघांना तीन कार्डं, म्हणजे तीन ठिकाणी पैसे. तुम्हाला नेमकं तेच नकोय. दुसरी अडचण नवख्याला कुणी सांगत नाही: फोनवरून पैसे भरले तरी ते लगेच कार्डात उतरत नाहीत. स्टेशनातल्या यंत्राला कार्ड टेकवून शिल्लक अद्ययावत करून घ्यावी लागते, नाहीतर गेट उघडत नाही. शिवाय कार्ड हरवलं तर आतली शिल्लक गेली, पाकिटातली नोट हरवावी तशी.

तरी एक करा. तुमच्या बँकेचं रुपे डेबिट कार्ड असेल तर त्यावर एनसीएमसीचं चिन्ह आहे का बघा. बऱ्याच नव्या कार्डांवर ही सोय आधीच असते. असेल तर वेगळं कार्ड काढायचं कारण नाही. फक्त बँक खात्यातले पैसे गेटवर आपोआप कापले जात नाहीत, प्रवासाची शिल्लक वेगळी भरावी लागते.

कल्याणकर मामा

आता मुंबई. जळगावहून येऊन कल्याणला उतरत असाल असं धरतो. तिथून डोंबिवली लोकलने ५ रुपये. डोंबिवली ते सीएसएमटी १५. एवढ्या स्वस्त प्रवासाला कसलं कार्ड नि कसला पास!

नणंदबाई म्हणतात ते अ‍ॅप घेतलंत तरी हे ध्यानात ठेवा: रेल्वेचं अ‍ॅप फलाटावर किंवा रुळांजवळ उभं राहून लोकलचं तिकीट देत नाही. फुकट्यांनी टीसी दिसल्यावर तिकीट काढू नये म्हणून ही व्यवस्था. घरून निघताना काढलं तर मिळतं. तुम्ही मेलमधून थेट फलाटावर उतरणार, म्हणजे खिडकी किंवा एटीव्हीएम (तिकिटाचं यंत्र). यंत्राजवळ बहुतेक वेळा एखादे मदतनीस असतात, त्यांच्या हातात पैसे द्या, ते तिकीट काढून देतात.

साध्या तिकिटावर फर्स्ट क्लासमध्ये किंवा एसी लोकलमध्ये चढू नका. गर्दीत डबा नीट दिसत नाही, दंड मात्र किमान २५० रुपये अधिक भाडं.

बेस्टमध्ये, म्हणजे मुंबईच्या सिटी बसमध्ये, कंडक्टर असेल तर रोख चालते. ९ मे २०२५ पासून किमान भाडं साध्या बसला १० आणि एसीला १२ रुपये. मेट्रोला खिडकीवर तिकीट मिळतंच. ऑक्टोबर २०२५ मध्ये 'मुंबई वन' नावाचं अ‍ॅप आलंय, ११ वाहतूक संस्था एकत्र आणणारं. एकच अ‍ॅप ठेवायचं झालं तर ते ठेवा.

नंदुरबारी

ताई, आमनं तं सगळं सुरतलेच. अर्धं गाव उधन्याला, उरलेलं लिंबायतला! तिथे सिटीलिंकची बस, बीआरटीएसला स्टेशनातच तिकीट. अजून कुणी मला कार्ड घ्या म्हटलं नाही. विषयाला सोडून आहे, पण खान्देशच्या धाग्यावर सुरत नाही म्हणजे कसं?

बोरीकाठ

सगळ्यांचे आभार. मेहरूण भाऊ, डेबिट कार्ड पाहिलं, चिन्ह नाही, त्यामुळे तो प्रश्न मिटला. ठरवलंय की पुण्यात खिडकी आणि कंडक्टर, पास फक्त भटकायच्या दिवशी, आणि मुंबईसाठी एक अ‍ॅप.

मामा, एक शेवटचं. नणंदेच्या घरून निघताना अ‍ॅपवर एकाच फोनवरून तिघांचं लोकलचं तिकीट निघतं का?

कल्याणकर मामा

निघतं. एका तिकिटावर चार जणांपर्यंत. पण तुम्ही आणि सासूबाई लेडीज डब्यात चढणार, मालक जनरलमध्ये, आणि तिकीट तुमच्या फोनात. टीसीने त्यांना धरलं तर ते बटणांच्या फोनवर काय दाखवणार? तुमच्या दोघींचं अ‍ॅपवर काढा. मालकांचं खिडकीवर वेगळं काढून त्यांच्या शर्टाच्या खिशात द्या.